हलक्या हाताचा गळ

या लेखाचा मथळा वाचून कांहीं घरांतून नाक मुरडलें जाईल हें आम्ही जाणून आहों. आमच्या स्वतःच्या घरांत माशाचें नांव घेण्याचा प्रसंग संस्कृतचा तास सोडला तर फारसा आला नाहीं. मत्स्यावतार आमचा, मीनाक्षी आमची, पंचांगांतली मीन रास आमची; मासळी मात्र कोळीवाड्याच्या पलीकडची, अशी आमची वांटणी ठरून गेलेली होती. तेव्हां ज्या वाचकांस हा विषयच नको असेल त्यांनीं खुशाल पान उलटावें. पुढच्या महिन्यांत आम्ही पुन्हां नेहमींच्या ठिकाणीं, म्हणजे जुन्या पोथ्यांपाशीं, भेटूंच. जातां जातां एवढेंच सांगून ठेवितों कीं, या लेखांत एकहि मासा शिजत नाहीं.

प्रसंग असा. गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां अमेरिकेंत मिशिगन राज्यांत चिरंजीवांकडे दीड महिना राहून आलों. डेट्रॉइट शहराच्या वायव्येस ओकलंड नांवाचा परगणा आहे. त्यांत लहानमोठीं तळीं शेंकड्यांनीं आहेत. चिरंजीवांचें घर अशाच एका तळ्याच्या काठीं. आम्ही निघण्यापूर्वीं महिनाभर त्यांचा फोन आला होता. नातू तेरा वर्षांचा. अभ्यासांत बरा, पण शाळा सुटली कीं तळ्यावर आणि सुटी असली कीं तळ्यावर. घरांतलें बोलणें तुटल्यासारखें झालेलें. बाप रागें भरतो, आई मध्यें पडते, आणि मुलगा गळाची काठी घेऊन बाहेर पडतो. "अण्णा, तुम्ही जन्मभर मुलें वळवलींत. एवढ्याला वळवा. आपल्या घरांत हें शोभत नाहीं," असें चिरंजीव म्हणाले. आम्हीं होकार दिला. निवृत्त मास्तराला कोणी काम सांगितलें कीं त्याच्यानें नाहीं म्हणवत नाहीं.

पाठाची तयारी आम्हीं विमानांतच केली. भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें यदुराजाला आपले चोवीस गुरु सांगितले आहेत, त्यांत मासा हा एक. जिभेच्या लोभानें तो गळ गिळतो आणि प्राणास मुकतो. सबब रसनेला आवरावें हें त्याजकडून शिकावें. एकनाथ महाराजांनीं तो भाग मराठींत सविस्तर उलगडला आहे. हरणाला नाद, हत्तीला स्पर्श, पतंगाला रूप, भुंग्याला गंध आणि माशाला रस, हा दृष्टांत आम्ही वर्गांत बत्तीस वर्षें देत आलों. त्यालाच जोडून असें सांगावयाचें योजिलें कीं, बाळ, गळाच्या एका टोंकाला मासा अडकतो तसा दुसऱ्या टोंकाला धरणाराहि अडकतो. हें शेवटचें वाक्य आमचें आम्हांलाच फार आवडलें होतें.

पोहोंचल्याच्या दुसऱ्या दिवशीं, रात्रीचा दिवस झाल्यामुळें, पहाटें पांचालाच आमचे डोळे उघडले. खिडकींतून पाहतों तों नातू तळ्यांतल्या लांकडी धक्क्याच्या टोंकाशीं बसलेला. आम्ही शाल पांघरून निघालों. धक्क्यावर पाऊल टाकतांच त्यानें मागें न पाहतां हात वर केला. "आजोबा, हळू चाला. फळीचा आवाज पाण्यांत जातो. त्यांना कळतें." जन्मभर वर्गांत 'शांत बसा' म्हणून ओरडणाऱ्या आम्हांला शांत राहण्याची ताकीद मिळाली, आणि आम्ही ती मुकाट्यानें पाळली.

पहिले दोन दिवस आम्ही नुसते पाहत होतों. पाठ द्यावयाचा तर विषय आधीं समजून घ्यावा, ही आमची जुनी रीत.

मुलाची काठी सात फुटांची, कार्बनच्या तंतूंची. आमच्या छत्रीहूनहि हातांत हलकी. तिचें टोंक बोरूसारखें निमुळतें व लवचीक. काठीखालीं लोंबणारें रीळ, आणि रिळावर वेणीसारखी गुंफलेली बारीक दोरी. परंतु आमिषाला बांधलेली असते ती ही दोरी नव्हे. तिच्या टोंकाला आठदहा फूट लांबीचा दुसराच एक पारदर्शक धागा जोडलेला असतो. कोंकणांत नायलॉनच्या अशा धाग्याला तंगूस म्हणतात. हा मात्र नायलॉनचा नसून फ्लुओरोकार्बन नांवाच्या द्रव्याचा. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३, या धाग्याचा १.४२ आणि नायलॉनचा १.५ च्याहि वर. म्हणून हा पाण्यांत नायलॉनहून कमी दिसतो. शिवाय पाण्याहून जड असल्यामुळें तो बुडतो. नातवाचा धागा सहा पौंडी होता, म्हणजे सुमारें २.७ किलोग्रॅमच्या ओढीपर्यंत टिकणारा.

आम्हीं शंका काढली कीं, चार पौंडांचा मासा उसळी मारून धांवला आणि त्यानें झटका दिला, तर असला केसासारखा धागा राहील काय? त्यावर त्यानें रिळाच्या तोंडाशीं असलेली एक चकती पिळून दाखविली. ही चकती जितकी सैल तितकी दोरी सहज सुटते. ओढ ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली कीं रीळ आपण होऊनच दोरी सोडूं लागतें आणि धाग्यावरचा ताण वाढत नाहीं. याला तिकडे ड्रॅग म्हणतात. आम्हांला मात्र त्यांत जुनी ओळख पटली. संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर पतंगाला ढील देणारा पोरगा हेंच करितो. फरक इतकाच कीं त्याचा पतंग आभाळांत असतो आणि याचा पाण्यांत. हें ऐकून नातू पहिल्यानेंच हंसला, आणि 'ढील' हा शब्द त्यानें दोनतीन वेळां घोळवून पाठ केला.

आतां ज्या माशासाठीं हा खटाटोप, त्याविषयीं. त्याला ब्लॅक बास म्हणतात. त्याच्या दोन जाती मुख्य: एक मोठ्या तोंडाची व दुसरी लहान तोंडाची. दोन्ही उत्तर अमेरिकेच्याच. १८०२ सालीं लासेपेद नांवाच्या फ्रेंच पंडितानें या माशाचें वर्णन केलें, तेव्हां त्याच्या हातीं आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर कोठें तरी फाटलेला होता. फाटून सुटलेला तुकडा म्हणजे स्वतंत्र लहानसा परच, असें समजून त्यानें या कुळाला 'मायक्रोप्टेरस' म्हणजे 'लघुपक्ष' असें ग्रीक नांव दिलें. दोनशेंहून अधिक वर्षें झालीं, तें चुकीचें नांव तसेंच चालू आहे. पहिल्या दिवशीं हजेरीपटांत चुकीचें पडलेलें नांव मुलाला जन्मभर कसें पुरतें हें आम्ही शाळेंत पाहिलें आहे. माशांचेंहि तसेंच दिसतें.

हा मासा दांडगा. छोटे मासे, बेडूक, पाण्यांतल्या नांगीवाल्या झिंग्यासारखे प्राणी, जें समोर येईल तें तो गिळतो. त्याला धरण्याची जुनी तऱ्हाहि दांडगीच होती: जाड दोरी, दणकट काठी, पाण्यांत खळबळ करणारें मोठें चकचकीत आमिष. मग ही बारीक दोरीची विद्या आली कोठून? याचीं कारणें आम्हांला नातवानें थोडीं सांगितलीं, थोडीं आम्ही तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत वाचलीं. एक कारण तर शिंपल्यांचें आहे. डेट्रॉइटच्या शेजारीं सेंट क्लेअर नांवाचें सरोवर आहे. तेथें १९८८ सालीं झेब्र्यासारखे पट्टे असलेले बोटाच्या पेराएवढे शिंपले सांपडले. काळ्या समुद्राकडचे हे परके जीव जहाजांच्या तळांतील पाण्याबरोबर आले होते. त्यांतला एकेक शिंपला दिवसाला सुमारें एक लिटर पाणी गाळून त्यांतले सूक्ष्म जीव खातो. कोट्यवधि शिंपले गाळूं लागल्यावर गढूळ पाणी कांचेसारखें झालें. आसपासच्या पुष्कळ तळ्यांतहि ते पुढें पसरले. पाणी निवळलें तशी माशाला दोरी दिसूं लागली, गळ दिसूं लागला, धक्क्यावरचें माणूसहि दिसूं लागलें. दुसरें कारण सोडून देण्याच्या चालीचें. गळाच्या शर्यती भरविणाऱ्या रे स्कॉट नांवाच्या गृहस्थानें १९७२ पासून धरलेला मासा जिवंत परत सोडण्याची रीत शर्यतींत घातली आणि ती देशभर रुजली. सोडलेला मासा मोठ्या आमिषाला पुन्हां सहसा भुलत नाहीं, असें गळ टाकणारे सांगतात. एकदां छडी खाल्लेला विद्यार्थी मास्तरांच्या गोड बोलण्यालाहि बिचकतो, त्यांतलाच हा प्रकार.

तेव्हां लहान आमिष, थोडें वजन, बारीक धागा आणि हात हलका. आमिष म्हणजे मऊ प्लास्टिकचें गांडूळ. ओहायो राज्यांतील ॲक्रन गांवीं निक क्रीम नांवाच्या माणसानें पत्नीसह १९४९ सालीं स्वयंपाकघरांतल्या चुलीवर प्लास्टिक वितळवून असलें गांडूळ पहिल्यानें ओतलें. आज त्याचे प्रकार अगणित आहेत. नातवाच्या डबींतला आवडता प्रकार म्हणजे अडीच इंची तुकडा आणि त्याच्या तोंडाशीं भूछत्राच्या आकाराची बारीक धातूची गोळी, जिच्यांतूनच गळ निघालेला असतो. कॅन्सस राज्यांतील नेड केहडी या लेखकाच्या नांवावरून याला नेड रिग म्हणतात. गोळीचें वजन एक औंसाचा सोळावा भाग, म्हणजे १.८ ग्रॅमहूनहि किंचित कमी. सोनाराच्या मापानें मोजलें तर दोन मासेसुद्धां भरत नाहींत! मासा धरावयाला दोन मासे पुरे पडत नाहींत असें नाहीं, असा विनोद आम्हीं केला. तो नातवाला समजावून देण्यांत पाऊण तास गेला आणि शेवटीं त्यांत विनोद कांहीं उरला नाहीं.

ही जोडणी पाण्यांत टाकावयाची आणि मग जवळजवळ कांहीं करावयाचें नाहीं. गोळी तळाशीं टेकते, आणि आमिषाचें द्रव्य पाण्याहून हलकें असल्यामुळें तें शेपूट वर करून उभें राहतें. काठीचें टोंक किंचित हलवावें, थांबावें, मनांत वीसपर्यंत मोजावें. दुसरी एक जोडणी जपानी गळ टाकणाऱ्यांनीं रूढ केली, ती १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत पसरली. तींत वजन धाग्याच्या अगदीं टोंकाशीं आणि गळ त्याच्या हातभर वर. वजन तळाशीं बसून राहतें आणि आमिष अधांतरीं थरथरतें. मनगट तेवढें हलवावयाचें, वजन हलतां कामा नये. वीणेच्या तारेवरचा गमक ज्यानें ऐकला आहे त्याला हें कळेल. तिसऱ्या जोडणींत गांडुळाच्या मध्यावर गळ अडकवून तें आडवें सोडतात. दोन्ही टोंकें फडफडत तें सावकाश खालीं जातें. मासा लागला कीं झटका बसतो अशी आमची समजूत होती. तसें होत नाहीं. मासा तोंड उघडून पाण्यासकट आमिष आंत ओढतो. काठीवर येते ती फक्त एक बारीक टिचकी, किंवा दोरी उगीच जड झाल्याचा भास. तो ओळखण्यासाठीं मुलगा दोरीवर तर्जनी टेकवून तासन् तास बसतो. नाडीपरीक्षा करणारे वैद्य आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या बोटांत व चेहऱ्यावर हीच एकाग्रता असे.

दोरीच्या गांठीविषयींहि लिहिलें पाहिजे. गांठ आंवळण्यापूर्वीं तो ती जिभेनें ओली करितो. कोरडी आंवळली तर धागा घांसून तापतो आणि तेथेंच दुबळा पडतो. एकदां त्यानें काठी आमच्या हातीं दिली, आणि लगेच परत घेतली. सतराच्या आंतल्या मुलाला परवाना लागत नाहीं, मोठ्यांना लागतो, आणि आमच्यापाशीं तो नव्हता! कायदा पाळणारा नातू असावा, पण इतका असावा काय, असें क्षणभर वाटलें.

तिसऱ्या दिवशीं आम्हीं पाठाला हात घातला. अवधूत, यदुराजा, जिभेचा लोभ, सगळें सांगितलें. मुलानें नीट ऐकून घेतलें आणि डबींतलें एक गांडूळ आमच्या तळहातावर ठेविलें. "आजोबा, याला चव नाहीं. थोडें मीठ घालतात, पण तें कळायच्या आधीं तोंडांत गेलेलें असतें."

"मग तो तें घेतो कां?"

"त्याला हात नाहींत ना. काय आहे तें बघायचें तर तोंडांतच घ्यावें लागतें."

आम्ही गप्प बसलों. बत्तीस वर्षें ज्या दृष्टांतावर आम्हीं गुण दिले व कापले, त्याला अशी बाजू असेल हें आम्हांला कोणी विचारिलें नव्हतें. रसनेचा लोभी म्हणून ज्याला वर्गांत उभें केलें, तो कदाचित् नुसता जिज्ञासूच असेल.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढल्या आठवड्यांत घडली. मे महिन्याच्या अखेरीस पाणी कोमट होऊं लागलें. काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यांत, परातीएवढे स्वच्छ गोल दिसूं लागले. नर मासा शेपटीनें गाळ झाडून असें घरटें करितो, मादी तेथें अंडीं घालून निघून जाते, आणि मग नर एकटा पहाऱ्यास राहतो; अंडीं फुटून पिल्लें पांगेपर्यंत कित्येक दिवस तो धड खात नाहीं. आजोबांना मासा समोर दाखवावा या हौसेनें मुलानें त्या गोलांत आमिष सोडलें. आम्ही वरून सर्व पाहत होतों. मासा पुढें आला, त्यानें तें गांडूळ ओठांत उचललें, घरट्याबाहेर नेलें आणि टाकून दिलें. मुलानें पुन्हां सोडलें. माशानें पुन्हां उचलून बाहेर टाकलें. अंगणांतला केर काढून बाहेर टाकावा तसें. तिसऱ्या खेपेस गळ लागला.

हात ओले करून, पोटाखालीं आधार देऊन, मुलानें मासा मोजला: सतरा इंच. फोटो काढला. दीडदोन मिनिटें गेलीं असतील. तेवढ्यांत खालच्या घरट्यावर ब्ल्यूगिल नांवाचे तळहाताएवढे चपटे मासे कोठून तरी दहापंधरा जमले आणि अंडीं टिपूं लागले. मुलाचें लक्ष आमच्याकडे होतें; आमचें खालीं. आम्हीं बोट दाखविलें. त्यानें मासा घाईनें पाण्यांत सोडला. मासा क्षणभर तिरपा झाला, मग सरळ झाला, आणि थेट घरट्यावर जाऊन त्या टोळीवर तुटून पडला. अंडीं किती उरलीं होतीं हें वरून कळण्याजोगें नव्हतें.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग मुलगा म्हणाला, "आजोबा, तो खायला आलाच नव्हता ना?"

आम्ही नाहीं म्हणालों. दुसरें कांहीं सुचलें नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं पुष्कळ वाचलें. माशाला वेदना होतात काय, हा वाद विद्वानांत चालू आहे. २००३ सालीं लिन स्नेडन या विदुषीनें ट्राउट माशांच्या ओठांत वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंचा पुरावा प्रसिद्ध केला; आम्ल टोंचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घांशीत होते असेंहि तिनें नोंदविलें. उलट पक्षाचे म्हणतात कीं, आपल्या मेंदूचा जो थर वेदनेची जाणीव देतो तो माशाला नाहींच, म्हणून ती केवळ शरीराची प्रतिक्रिया. आम्ही न्याय शिकलेले; पूर्वपक्ष व उत्तरपक्ष दोन्ही आम्हांस कळतात. परंतु तो मासा केर टाकीत होता हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि प्रत्यक्षाला दुसरें प्रमाण लागत नाहीं.

सोडून देणें हें सर्वत्र पुण्यच असेंहि नव्हे. हाच मासा १९२५ सालीं जपानांत नेऊन आशी सरोवरांत सोडला गेला. पुढें तो देशभर पसरला व तेथील मूळच्या माशांवर गदा आली. बिवा सरोवरांत तर तो इतका माजला कीं, शिगा प्रांतानें २००३ पासून धरलेला बास परत पाण्यांत सोडण्यास बंदी केली, आणि २००५ सालीं परक्या उपद्रवी जीवांच्या जपानी कायद्याखालीं तो आला. त्याच बिवा सरोवरांत २००९ सालीं मानाबू कुरिता यांनीं १० किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास धरून, १९३२ सालीं जॉर्जिया राज्यांत जॉर्ज पेरी यांनीं केलेल्या विक्रमाशीं बरोबरी केली. मिशिगनांत जो सोडावा तो बिवांत सोडूं नये. देशकालपात्र पाहून धर्म ठरतो हें आमच्या शास्त्रकारांचें म्हणणें असल्या ठिकाणीं आठवतें.

आणि आमचे शास्त्रकार या विषयीं अगदींच मुके नाहींत, ही गोष्ट आम्हीं नातवाला सांगितली तेव्हां तो उठून बसला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा सोमेश्वर तिसरा यानें ११२९ च्या सुमारास रचिलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात हा उल्लेख त्यांतलाच, म्हणून आमच्या पुष्कळ वाचकांस तो नांवानें ठाऊक असेल. त्याच ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोद म्हणून प्रकरण आहे. माशांच्या पस्तीसएक जाती, कोणाला कोणता चारा, काठी व दोरी कशी असावी, असा सगळा तपशील एका राजानें श्लोकबद्ध केला आहे. गळाला संस्कृतांत बडिश म्हणतात. त्या मुलानें आपल्या डबीवर लगेच देवनागरींत 'बडिश' लिहून घेतलें. ड काढतांना तो चुकला, आम्हीं तो सुधारला. दीड महिन्यांत आम्हीं त्याला दिलेला संस्कृतचा एवढाच धडा.

आतां जें लिहावयाचें तें लिहिण्यास हात जरा अडतो. परंतु घरांतल्या मासिकांत घरांतलें लिहूं नये तर कोठें लिहावें?

निघण्याच्या आदल्या रात्रीं चिरंजीव आमच्या खोलींत आले आणि मुलगा वळला काय म्हणून त्यांनीं विचारिलें. आम्ही नाहीं म्हणालों. आणि घरट्याची गोष्ट सांगितली. ते ऐकत राहिले. मग त्यांनीं पस्तीस वर्षांपूर्वींची एक गोष्ट काढली. आमची बदली तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत खाडीकांठच्या एका गांवीं होती. चिरंजीव नऊदहा वर्षांचे. खारव्यांच्या आळींतला एक मुलगा त्यांच्या वर्गांत होता. त्याच्याबरोबर ते खाडीवर गरवायला गेले, आणि डब्यांत बोटभर मासा घेऊन, आनंदानें फुललेले, घरीं आले. आम्हीं ती बांबूची काठी गुडघ्यावर मोडली, डबा परसांत उपडा केला आणि मुलाला विहिरीवर न्हायला पाठविलें. हें आमच्या चांगलें स्मरणांत होतें. कडक शिस्तीचें उदाहरण म्हणून आम्ही तें कधीं कधीं सांगतहि असूं.

"काठी मोडलीत तें मी विसरलों, अण्णा," चिरंजीव म्हणाले. "तो दुसऱ्या दिवशीं मला बोलवायला आला होता. नवी काठी करून आणली होती त्यानें. तुम्हीं त्याला पायरीवरूनच परत पाठविलेंत. आणि शाळेंत त्याचा बांक बदललांत. तें नाहीं विसरलों."

हा भाग आमच्या स्मरणांत नव्हता. आम्ही रात्रभर आठवीत बसलों, तेव्हां पहाटेकडे पायरीवर उभें असलेलें एक पोर दिसलें. त्याच्या हातांत काठी होती. आम्ही काय बोललों तें मात्र अजून आठवत नाहीं.

सकाळीं सामान गाडींत ठेवण्यापूर्वीं आम्ही तळ्याकडे पाहिलें, तों धक्क्याच्या तोंडाशीं चिरंजीवांचे बूट काढून ठेवलेले. फळीचा आवाज होऊं नये म्हणून. बाप आणि मुलगा टोंकाशीं बसले होते, आणि मुलगा बापाच्या तर्जनीखालीं दोरी नीट बसवून देत होता.

गेल्या आठवड्यांत नातवाची ई-मेल आली. यंदा त्यानें मे व जूनमध्यें काठावरच्या घरट्यांकडे गळ टाकला नाहीं. खोल पाण्यांत जपानी जोडणी लावून बसत असे, आणि मासे कमी मिळाले असें त्याचें गाऱ्हाणें आहे. गळाचा आंकडाहि त्यानें चपटा करून घेतला आहे, म्हणजे तो सहज निघतो. सोमेश्वर राजा किती पौंडांची दोरी वापरीत असे, हें पाहून कळवावें, अशी त्याची मागणी आहे. खालीं चिरंजीवांनीं एकच ओळ जोडली आहे: त्या खाडीवर आतां त्याला कोणी ओळखतें का, तें पाहाल का?

मानसोल्लासाची बडोद्याची प्रत ग्रंथालयांत आहे, ती बुधवारीं मिळेल. खाडीकडे जाणारी एस्टी सकाळीं सातला सुटते.